नवजात बाळाची कावीळ : हिशेब तासांचा

बाळाच्या जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातील एखादी वडीलधारी स्त्री त्याच्या चेहऱ्याकडे निरखून म्हणते, "बाळ जरा पिवळे दिसते." लगेच दुसरी धीर देते, "सगळ्याच बाळांना होते. कोवळ्या उन्हात धरा, उतरेल." हा धीर पुष्कळदा खराही ठरतो. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी सुमारे ६०, तर अपुऱ्या दिवसांच्या शंभरांपैकी सुमारे ८० बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते आणि बहुतेकांची ती आपोआप ओसरते. मात्र थोड्या बाळांची कावीळ तीव्र होते. ती बाळे कोणती, हे नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.

मोठ्या माणसांची कावीळ बहुधा यकृताच्या आजाराने होते. नवजात बाळाचे तसे नसते. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी अधिक असतात व लवकर नाश पावतात. त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते आणि ते बाहेर टाकण्याइतके यकृत पहिल्या दिवसांत सक्षम झालेले नसते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल, किंवा आईचा 'ओ' व बाळाचा 'ए' अथवा 'बी' असेल, तर पेशींचा नाश फार वेगाने होऊ शकतो. काही बाळांत, विशेषतः मुलांत, जी-सिक्स-पी-डी या घटकाची जन्मजात कमतरता असते. अशा बाळाला डांबरगोळ्यांचा वासही घातक ठरू शकतो. म्हणून ट्रंकेत डांबरगोळ्या घालून जपलेली अंगडी-टोपडी व दुपटी नवजात बाळासाठी काढू नयेत.

बिलिरुबिन प्रमाणाबाहेर वाढले की ते मेंदूत शिरते. आरंभी बाळ सुस्त होते, दूध ओढीनासे होते, अंग सैल पडते. पुढे ते कर्कश रडते, मान व पाठ मागे ताणते, झटके येतात. मेंदूच्या या कायमच्या इजेस 'कर्निक्टेरस' म्हणतात. त्यातून वाचलेल्या मुलास बहिरेपण व हातापायांच्या हालचालींतील दोष जन्मभर राहू शकतात. झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून येत नाही. मात्र वेळीच उपचार मिळाल्यास ती बहुतांशी टाळता येते.

येथे बाळाचे वय दिवसांत न मोजता तासांत मोजावे लागते. दर डेसिलिटर रक्तात १२ मिलिग्रॅम बिलिरुबिन हा आकडा जन्मानंतर २४ तासांच्या आत दिसला, तर उपचार बहुधा सुरू करावे लागतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात पाचव्या दिवशी तोच आकडा सहसा केवळ देखरेखीचा असतो. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ कधीही साधी समजू नये.

तीव्र काविळीवर पहिला उपचार प्रकाशाचा. त्याचा शोध एका परिचारिकेच्या निरीक्षणातून लागला. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात १९५६ साली सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. एका बाळाच्या त्वचेचा उघडा भाग फिका झाला, तर चादरीखालचा भाग गडद पिवळाच राहिला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवले. डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी त्यावर प्रयोग करून १९५८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळ्या प्रकाशाने बिलिरुबिनची घडण बदलते आणि ते पित्त व लघवीवाटे सहज बाहेर पडते.

मग घरचे ऊन का पुरत नाही? रुग्णालयातील दिवा ठरावीक तीव्रतेचा निळा प्रकाश तासन्‌तास देतो. उन्हात तो पुरेसा व सतत मिळत नाही. उलट बाळाची त्वचा भाजण्याची, अंग तापण्याची वा गारठण्याची भीती असते. सर्वांत मोठी हानी वाया गेलेल्या वेळेची. दिव्याखाली बाळाचे डोळे झाकतात, लंगोटाखेरीज अंग उघडे ठेवतात आणि दूध पाजणे चालू ठेवतात. पातळ शी, पुरळ, शरीरातील पाणी कमी होणे हे त्याचे त्रास बहुधा तात्पुरते असतात.

प्रकाशाने आकडा उतरला नाही किंवा मेंदूवर परिणामाची चिन्हे दिसली, तर रक्त बदलावे लागते. बेंबीच्या शिरेतून थोडे थोडे रक्त काढून तितकेच जुळणारे रक्त देतात. बाळाच्या एकूण रक्ताच्या दुप्पट रक्त वापरल्यास सुमारे ८५ टक्के तांबड्या पेशी नव्या होतात. हा उपचार जोखमीचा आहे. जंतुसंसर्ग, हृदयाच्या ठोक्यांत बिघाड, कॅल्शियम व प्लेटलेट घटणे, आतड्यास इजा, क्वचित मृत्यूही संभवतो. म्हणून तो नवजात अतिदक्षता विभागातच करतात. पण सल्ला मिळाल्यावर संमतीपत्रावरील सहीसाठी गावाहून वडीलधारे येईपर्यंत थांबणे ही त्याहून मोठी जोखीम होय.

कुटुंबाने काही गोष्टी आधीच कराव्यात. आईचा रक्तगट प्रसूतीपूर्वीच माहीत असावा. तो निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह निघाल्यास ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन द्यावे. त्याने पुढच्या बाळाचे रक्षण होते. चिकाचे दूध टाकू नये. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा अंगावर पाजावे, कारण बिलिरुबिन शीवाटे बाहेर पडते. गुळाचे पाणी, गुटी, काविळीची माळ, आईच्या जेवणातील हळद-तूप बंद करणे, यांनी काविळीचा आकडा उतरत नाही.

कावीळ सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढते आणि नेमकी तेव्हाच बाळ-बाळंतीण घरी आलेली असतात. म्हणून रुग्णालयातून निघतानाच पुढील तपासणीचा दिवस व वेळ लिहून घ्यावी आणि सोयरामुळे ती पुढे ढकलू नये. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, शी पांढुरकी व लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पित्तनलिकेचा दोष असू शकतो. त्यावरील शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाल्यास अधिक गुण येतो.

"बाळ पिवळे दिसते" असे आजीने म्हटले, तर त्याच दिवशी बाळाला डॉक्टरांकडे नेऊन आकडा पाहावा. तो कमी निघाला, तर एक फेरी जादा झाली इतकेच. जास्त निघाला, तर उपचारासाठी अजून वेळ हाती असेल.