मोडक्या खडूंची रंगपेटी

दिवाळीची साफसफाई निघाली, की घरोघरी मुलांच्या कपाटातून एक खजिना बाहेर पडतो. कागद फाटलेले, मधोमध मोडलेले, नखाएवढे उरलेले मेणाचे रंगीत खडू! गृहिणीचा हात साहजिकच केरसुणीकडे वळतो. माझे म्हणणे एवढेच, की केराच्या टोपलीत जाण्यापूर्वी हे तुकडे एक दुपार मुलांच्या स्वाधीन करावेत. मोठी मुले किल्ला बांधण्यात दंग असतात, आणि ‘तू लहान आहेस, मध्ये येऊ नकोस’ हे ऐकून ऐकून घरातले शेंडेफळ रडकुंडीला आलेले असते. हे काम खास त्याच्यासाठी.

हा खडू म्हणजे तरी काय? पॅराफिन मेण आणि त्यात कालवलेली रंगाची पूड. अमेरिकेत १९०३ साली ‘क्रेयोला’ची पहिली पेटी निघाली, तीत आठ खडू होते आणि किंमत होती पाच सेंट. मूळ कृती अजून फारशी बदललेली नाही. हे मेण ५० ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे पाण्याला उकळी येण्याच्या कितीतरी आधी वितळते. म्हणूनच हा उद्योग आपल्या स्वयंपाकघरातही होतो.

तुकडे पंधरा-वीस मिनिटे कोमट पाण्यात भिजत घालावेत. कागद सुटतो आणि तो काढताना लहानग्यांना मटार सोलल्याची गंमत वाटते. प्लॅस्टिकचे खडू आणि मऊ तेलखडू निवडून बाजूला ठेवावेत. मेणाशी त्यांचे नीट जमत नाही. उरलेले तुकडे पुसून, बारीक मोडून, रंगवार निरनिराळ्या डब्यांत घालावेत.

शेगडीपाशी मात्र मोठ्यांनीच उभे राहावे. पातेल्यात पाणी तापवून त्यात तुकड्यांचा डबा ठेवावा. डबा थेट आचेवर कधीही ठेवू नये, कारण फार तापलेले मेण पेट घेते. तसे झालेच, तर पाणी न ओतता गॅस बंद करून वर झाकण घालावे. यासाठी वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नयेत, आणि उरलेले मेण मोरीत ओतू नये.

मेण पातळ होताच ढवळून सिलिकोनच्या साच्यात ओतावे. फार वेळ तापत ठेवले, तर रंग तळाशी बसतो आणि वरचा थर फिकट उमटतो. दिवाळीच्या मेणबत्त्यांचे उरलेले बुडखेही त्यात ढकलावेसे वाटतात. पण मेण वाढले की रंग कमी पडतो. अर्ध्या-पाऊण तासात वड्या निवतात. वडीच्या मध्यभागी खळगा पडला, की ‘असे का?’ हा प्रश्न येणारच. मेण थंड होताना आकसते, हे त्याला तिथेच दाखवावे. तीन वर्षांखालील मूल घरात असेल, तर लहान वड्या त्याच्या हाती लागू देऊ नयेत. त्या थेट तोंडात जातात!

आता सर्वांत महत्त्वाचे. रंग कोणी निवडायचे? मुलानेच. इथे आपले हात फार शिवशिवतात. ‘अरे, लाल नि हिरवा एकत्र नको, मातकट होईल!’ होऊ द्या की मातकट. किल्ल्याच्या चित्राला नाहीतरी तोच रंग लागतो. रेघेबाहेर रंग जाऊ नये, आकाश निळेच असावे, हे शिकवायला पुढे सारी शाळा पडली आहे. एका दुपारी तरी त्याने स्वतः ठरवावे, आणि ठरवल्याचे काय होते ते स्वतःच पाहावे. विकतच्या पेटीत रंग पुष्कळ असतात, पण त्यांतला एकही त्याने ठरवलेला नसतो.

यंदा शेजारी फराळाचे ताट धाडाल, तेव्हा तिथल्या चिमुरड्यांसाठी त्यात अशा दोन वड्या ठेवा. मात्र वेगळ्या पुडीत बांधून, नाहीतर कोणीतरी त्या बर्फी समजून खायचे!