तांबड्या दिव्याचा हिशेब

कापड, किराणा, भांडी व सराफी या पेढ्यांवर बसणाऱ्या घरांतील तरुण मुले-मुली आता मोटारींच्या निगराणीच्या धंद्यात उतरू लागली आहेत, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. मोटार धुणे, तिच्या रंगावरील ओरखडे पॉलिशने काढणे व त्यावर सिरॅमिक लेप चढविणे या कामास बाजारात डीटेलिंग असे नाव आहे. या धंद्यास मोठी जागा लागत असली तरी माल फारसा साठवावा लागत नाही, उधारी थोडी असते, आणि हातातील कौशल्यास चांगला मोबदला मिळतो. तथापि अलीकडे या दुकानांतून इन्फ्रारेड दिव्यांचे जे प्रस्थ वाढले आहे, त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहावेत असे आम्हांस वाटते.

प्रथम या दिव्याचे काम काय ते पाहू. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांस न दिसणारे उष्ण किरण असतात, हे विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली तापमापकाच्या साहाय्याने दाखवून दिले. याच अवरक्त किरणांनी मोटारींचा रंग सुकविण्याचा उपयोग अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९३० नंतरच्या दशकात केला. तेव्हा ही विद्या नवी नाही. नवीन आहे तो तिचा लहान दुकानात झालेला प्रवेश. भट्टीत आधी हवा तापते व मग पत्रा तापतो. दिव्याचे किरण मात्र मधली हवा फारशी न तापविता थेट पृष्ठभागावर पडून तेथे उष्णता उत्पन्न करतात. म्हणून अख्खी खोली न तापविता एकेक भाग तापविता येतो, हा त्याचा खरा गुण होय.

सिरॅमिक लेप हा मुख्यत्वे सिलिकॉनयुक्त द्रव्यांचा असतो. तो पुसून समतल केल्यावर त्यातील द्रावक उडून जातो, उरलेली द्रव्ये हवेतील ओलाव्याशी संयोग पावतात व त्यांचे कण एकमेकांत गुंफले जाऊन पातळ, कठीण पापुद्रा तयार होतो. या क्रियेस वेळ लागतो. गाडीस पहिला दिवसभर पाणी लागू देऊ नये व आठवडाभर साबणाने धुऊ नये, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते ते यामुळेच. उष्णतेने ही क्रिया जलद होते. दर १० अंश सेल्सिअस वाढीस रासायनिक क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. दिवा जे देतो ते एवढेच: तो वाट पाहण्याचा काळ कमी करतो.

आणि येथेच आमचा आक्षेप सुरू होतो. दिव्याच्या तांबूस उजेडात न्हालेली गाडी ग्राहकास दाखवावयाची, ‘बेकिंग’ या नावाने बिलात वेगळी रक्कम मांडावयाची, आणि यामुळे लेप दुप्पट टिकेल असे तोंडी सांगावयाचे, हा प्रकार काही ठिकाणी रूढ होत आहे. लेपाची जाडी साधारणतः एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एक-दोन हजारांश. दिव्याने ती वाढत नाही. जाहिरातीतील ‘९ एच’ हा आकडाही पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचा आहे. हिऱ्या-माणकांच्या कठीणपणाच्या मापाशी त्याचा संबंध नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कसोटीच्या दगडावर सोने घासून दाखविले गेले, त्या घरांतील मुलांनी तरी हे दोन आकडे ग्राहकाच्या मनात एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. लेप लावण्यापूर्वी गाडी स्वच्छ धुणे, रंगात रुतलेले कण मातीच्या वडीने काढणे, पॉलिश करणे, तेलकटपणा पुसणे व लेप लावल्यावर जादा भाग वेळेवर टिपून घेणे, या पाच कामांवर सारे यश अवलंबून आहे. जादा लेप कोठे राहून गेला तर तो थोड्या वेळात पुसता येतो. त्यावर दिवा धरला की तो डाग तेथेच घट्ट बसतो व पुन्हा घासून काढावा लागतो. म्हणजे दिव्याखाली काम जसे लवकर पक्के होते तशी चूकही लवकर पक्की होते. हात बसण्यापूर्वी दिवा विकत घेणाऱ्यास आमच्याकडील ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण लागू पडते.

आता व्यापाऱ्याच्या रीतीने हिशेब मांडू. ३ किलोवॉटचा दिवा दहा भागांवर प्रत्येकी १० मिनिटे धरला तर १०० मिनिटांत ५ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये धरले तरी हा खर्च ५० रुपयांचा. म्हणजे वीज महाग नाही. महाग आहे ती यंत्राची किंमत व त्यापाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराची १०० मिनिटे. ज्या दुकानात गाड्यांची रांग लागते, तेथे एक गाडी लवकर बाहेर गेल्याने दुसरीस जागा मिळते व दिव्याचे पैसे वसूल होतात. ज्या दुकानात आठवड्यास दोन गाड्या येतात व रात्री अर्धी जागा रिकामी असते, तेथे गाडी रात्रभर छपराखाली उभी ठेवणे हाच स्वस्त उपाय होय.

गावोगावचे हवामानही पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत लेप पक्का होण्यास उशीर लागतो. तेथे दिव्याचा उपयोग निश्चित आहे. बेळगाव व गोव्याच्या पावसात गाडी दुकानाबाहेर पडताच भिजणार, म्हणून तेथेही तो उपकारक ठरेल. हैदराबादच्या उन्हाळ्यात मात्र द्रावक इतक्या झपाट्याने उडतो की लेप पुसण्यास वेळच अपुरा पडतो. तेथे आधी सावली व गारवा यांची सोय करावी, दिव्याचा विचार नंतर.

कामगाराच्या जिवाचा प्रश्न तर सर्वांत आधी यावयास हवा. ३ किलोवॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर वीज ओढतो. त्यास १६ अँपिअरचे अर्थिंगसह वेगळे कनेक्शन लागते. साध्या पंख्याच्या प्लगावर तो लावणे म्हणजे आगीस आमंत्रण. पत्रा पुसण्याचे आयसोप्रोपिल अल्कोहोल १२ अंशांच्या आसपासच पेट घेण्याजोगी वाफ सोडते. ते व त्याच्या चिंध्या दिव्यापासून दूर असाव्यात आणि वाफ पूर्ण निघून गेल्यावाचून दिवा लावू नये. भट्टीपुढे वर्षानुवर्षे राबणाऱ्या काचकामगारांस अशाच उष्ण किरणांनी मोतीबिंदू होत असे. म्हणून दिव्याकडे टक लावून पाहू नये व योग्य चष्मा वापरावा. गडद रंग फिक्या रंगापेक्षा अधिक तापतो, प्लॅस्टिकचा बंपर मऊ पडतो; म्हणून दोन्ही ठिकाणी अंतर व वेळ निराळी ठेवावी आणि तापमान पत्र्याचे मोजावे, अंदाजाने ठरवू नये.

आमची सूचना अशी आहे. लेपाच्या उत्पादकाने दिव्याची परवानगी, अंतर, तापमान व वेळ लेखी दिली असेल तरच दिवा वापरावा. पावतीवर लेपाचे नाव, दिवा वापरला की नाही, आणि गाडीस पाणी व साबण किती दिवस लावू नये, हे मराठीत व ग्राहकाच्या भाषेत छापावे. दिव्याबद्दल आकार घ्यावयाचा असल्यास तो ‘लवकर गाडी देण्याचा आकार’ म्हणून मांडावा, कारण ग्राहकास वस्तुतः तेच मिळते. अशा पावतीचा एक नमुना आपल्या संघाने तयार करून सर्व सभासदांस द्यावा, म्हणजे एका गावचा ग्राहक दुसऱ्या गावी गेला तरी त्यास तोच शब्द व तोच अर्थ मिळेल.

यंत्र घेण्यास आमचा विरोध नाही. नवे यंत्र वेळेवर घेणारा व्यापारी पुढे जातो, हे आपण पाहत आलो आहोत. परंतु यंत्र कशासाठी घेतले याचे उत्तर ज्यास ग्राहकासमोर एका वाक्यात देता येते, त्याच्याच दुकानी तो ग्राहक पुढील वर्षी गाडी घेऊन परत येतो. नव्या दुकानदारांनी दिव्याची मागणी नोंदविण्यापूर्वी ते वाक्य मनाशी जुळवून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.