गोंगाटातील बोलणे आणि कानांची परीक्षा

‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार आपल्या पेढ्यांवरील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आम्ही नेहमी ऐकतो, आणि तिची वासलात ‘त्यांचे लक्षच नसते’ एवढ्या शब्दांत लावली जाते हेही पाहतो. आमच्या मते हा त्या मंडळींवर उघड अन्याय आहे. रात्रीच्या निवांत वेळी ज्यांना नातवाची कुजबूज ऐकू येते, त्यांनाच रविवार पेठेत हमालांच्या आरोळ्या, टेम्पोंचे भोंगे आणि चार गिऱ्हाइकांचे एकदम बोलणे यांतून समोरच्याने सांगितलेला आकडा सात होता की साठ हे उमगू नये, यात विसंगती मुळीच नाही. सात आणि साठ यांतील भेद केवळ शेवटच्या व्यंजनाचा आहे. स्वरांचा आवाज भरदार असतो. व्यंजनांचा क्षीण असतो, आणि गोंगाट प्रथम त्यालाच गिळतो.

अशा गृहस्थांस मुले मोठ्या काळजीने तपासणीस नेतात. तेथे त्यांस बंदिस्त, निःशब्द खोलीत बसवून २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवितात आणि प्रत्येक सूर किती मंद असताना कळतो याचा आलेख काढतात. ही चाचणी आवश्यकच आहे. तिच्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. परंतु बाजारात कोणी सुरांत बोलत नाही! आलेख ठीक निघाला की ‘दोष नाही’ असे ठरते, आणि मग वडिलांच्या वतीने मुलगाच गिऱ्हाइकास उत्तरे देऊ लागतो. गादीवर बसलेला मनुष्य हळूहळू गादीवरचा पाहुणा होतो.

एकाच प्रकारचा आलेख असलेल्या दोन माणसांची गोंगाटात बोलणे समजण्याची शक्ती अगदी भिन्न असू शकते, ही गोष्ट तज्ज्ञांस नवी नाही. कारहार्ट आणि टिलमन या अमेरिकन संशोधकांनी १९७० सालीच अशी चाचणी नित्याच्या तपासणीत असावी, असे सुचविले होते. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले, की मोठ्या आवाजानंतर सूर ऐकण्याची शक्ती पूर्ववत झाली, तरी कानातील पेशी आणि मज्जातंतू यांचे कित्येक सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसांत हे कितपत घडते याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

चाचणीही अवघड नाही. ‘क्विकसिन’ या नावाने प्रचलित असलेल्या चाचणीत चार माणसांच्या गलबल्यावर सहा वाक्ये ऐकवितात. पहिले वाक्य गलबल्याहून २५ डेसिबल मोठे असते, पुढे प्रत्येक वाक्यास हे अंतर ५ डेसिबलने घटते आणि शेवटी दोन्ही सारखे होतात. प्रत्येक वाक्यातील पाच शब्द मोजावयाचे. निम्मे शब्द कळण्यास निरोगी कानास बोलणे गलबल्याहून सुमारे २ डेसिबल मोठे असले तरी पुरते. ज्यास याहून पुष्कळ अधिक लागते, त्यास नुसता आवाज वाढविणारे यंत्र देऊन भागत नाही. गोंगाटही त्याबरोबर वाढतो. समोरचाच आवाज प्राधान्याने घेणारे यंत्र, किंवा बोलणाऱ्याजवळ ठेवावयाचा वेगळा मायक्रोफोन, यांचा विचार अशा वेळी करावा लागतो. माल पारखल्यावाचून न घेणारे आपण, हजारो रुपयांचे श्रवणयंत्र मात्र न पारखता घेतो आणि ते टेबलाच्या खणात पडून राहते.

भाषेचा प्रश्न मात्र आमच्या सीमाभागात विशेष नाजूक आहे. घरी मराठी, बाजारात कानडी, अडत्याशी हिंदी, असा ज्याचा दिवस जातो, त्यास इंग्रजी वाक्ये ऐकवून नापास ठरविणे म्हणजे कानांची नव्हे, शाळेची परीक्षा घेणे होय. यास्तव गोंगाटात तीन-तीन अंक ऐकवून ते ओळखावयास लावणारी पद्धत आम्हांस अधिक पसंत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोबाईलसाठी काढलेली प्राथमिक चाचणी याच तत्त्वावर आहे. अंक तर आपल्या मंडळींच्या रक्तातच असतात. मात्र तेही ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकविले पाहिजेत.

तेव्हा आरोग्यशिबिरांचे आयोजन करणाऱ्या आपल्या बंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे, की कानांच्या तपासणीत या चाचणीचा समावेश करावा आणि ती कोणत्या भाषेत घेतली जाईल हे तंत्रज्ञांस आधीच विचारून ठेवावे.