विकतचा विसावा

लोअर परळच्या ज्या आवारात एके काळी फिनिक्स मिलचा भोंगा वाजत असे, तेथे आज मॉल आहे, पंचतारांकित हॉटेल आहे आणि शिणलेले अंग सुगंधी तेलाने चोळून देण्याची सोयही आहे. पण आपल्या भागातील सुस्थित कुटुंबांचे तेवढ्याने भागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी दादर-गिरगावातून गाड्या निघतात आणि लोणावळा, कर्जत, मुळशीचे 'वेलनेस रिसॉर्ट' गाठतात. कोणी गोव्याला, कोणी केरळला जातात. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबेही त्यांत आहेत.

'ही नवश्रीमंतांची चैन आहे', असे वेदीवरून सुनावणे सोपे असते. आम्हीही तसे सुनावले आहे. पुढे परतणाऱ्यांना आम्ही विचारू लागलो, तेथे नेमके काय मिळते? एक गृहस्थ म्हणाले, "फादर, आल्या आल्या मोबाइल काढून घेतात, त्याचेच पैसे." दुसऱ्यांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली होती. एका विधवा भगिनीने खाली मान घालून सांगितले, "फादर, नवरा गेल्यापासून माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता." आमच्याजवळ यावर उत्तर नव्हते. छायाचित्रे मिरवण्यासाठी जाणारे असतीलच, परंतु पुष्कळांना तेथे नेते ती शांततेची, झोपेची आणि विचारपुशीची भूक. ही भूक खरी आहे.

ती नवीही नाही. आपली वडीलधारी मंडळी हवापालटासाठी माथेरान, पाचगणी, देवळालीला जात. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांत सांधे शेकीत. उरुळीकांचनला 1946 साली गांधीजींनी निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले ते गोरगरिबांसाठी. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या मौनासाठी आजही शुल्क आकारत नाहीत. खुद्द प्रभू येशूने दमून आलेल्या प्रेषितांना एकांतात नेऊन विसावा घ्यावयास सांगितले (मार्क 6:31). तेव्हा देहाला विश्रांती मागणे हे पाप नव्हे.

आमचा आक्षेप निराळाच आहे. अशाच एका स्पामध्ये काम करणारी ईशान्य भारतातील एक ख्रिस्ती मुलगी मध्यंतरी आम्हांला भेटली. रविवारच्या मिस्साला तिला येता येत नाही, कारण रविवारीच गिऱ्हाइकांची गर्दी असते. दिवसभर इतरांचे खांदे चोळून रात्री तिचे मनगट ठणकते. तिचा खांदा कोणी चोळावा?

हा प्रश्न याच भूमीत पूर्वी एकदा विचारला गेला आहे. गिरणीकामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10,000 कामगार जमले. दोन कामकरी स्त्रियांनीही तेथे भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगाराच्या रविवारच्या विश्रांतीचा पुरस्कार केला. अशा रीतीने जो विसावा सर्वांच्या हक्काचा ठरला, तो आज दरपत्रक लावून विकला जात आहे. 1982 च्या संपानंतर ज्यांची चूल विझली, त्या लालबाग-परळच्या घरांतील मुली-सुना आज अनेक ठिकाणी याच नव्या इमारतींत लाद्या पुसतात. त्या दरपत्रकाकडे त्या नुसत्या पाहू शकतात.

योहानाच्या शुभवर्तमानातील बेथेस्दाचे तळे आठवावे. तेथेही आरोग्यासाठी गर्दी लोटत असे. 38 वर्षे आजारी असलेल्या मनुष्याची तक्रार पाण्याबद्दल नव्हती. आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही, ही होती. ज्याला माणूस आहे तो पुढे, ज्याला नाही तो काठावरच. प्रभू थांबला तो या काठावरच्या माणसापाशी, आणि तो दिवस शब्बाथाचा होता.

आता आम्हा धर्मगुरूंकडे वळू. सकाळचा मिस्सा आटोपला की आम्ही चर्चला कुलूप लावतो. रविवार तर सभा, समित्या, वर्गणी आणि सूचना यांनीच भरून टाकतो. आजाऱ्याला पवित्र तेलाचा अभ्यंग करण्याचे व्रत आमच्याकडे आहे. पण आम्ही तेल घेऊन पोहोचतो ते बहुधा शेवटच्या घटकेस. शांत कोपरा, निवांत ऐकणारा कान, आशीर्वादाचा हात हे सारे ख्रिस्तसभेकडे फुकट होते. आम्ही ते द्यावयाचे थांबलो, म्हणून त्याची दुकाने निघाली.

म्हणून रिसॉर्टला जाणाऱ्यांना आम्ही अडवणार नाही. फक्त बॅग भरण्यापूर्वी त्यांनी स्वतःस तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस पगारी सुट्टी आहे काय? रविवारचे सर्वांत मोठे जेवण रांधणाऱ्या घरच्या बाईच्या हातून कधी पुरुषांनी पळी घेतली आहे काय? शेजारच्या खोलीतील एकाकी म्हाताऱ्यापाशी आपण अर्धा तास कधी बसलो आहोत काय? आमच्या चर्चचे दार यापुढे दुपारीही उघडे राहील. तेवढे आमच्या हाती आहे. जो विसावा आपण दुसऱ्याला देत नाही, तो लोणावळ्याला जाऊन विकत घेतला तरी सोमवारच्या पहिल्या लोकलपलीकडे टिकत नाही.