गळाचे रीळ आणि दुरुस्तीचे अर्थशास्त्र

वस्तू किती काळ टिकावी, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा उपस्थित केला जात नाही. तेथे ग्राहकाची पसंती असते, किंमत असते, मागणीचा वक्र असतो. परंतु विकली गेलेली वस्तू बिघडल्यावर कोणाच्या हाती जाते आणि ती उघडण्याचा अधिकार कोणाचा, याला त्या वक्रात जागा नाही. ही उणीव दाखविण्यासाठी पोलादाच्या कारखान्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. कधीकधी क्षुल्लक वस्तू अधिक बोलकी ठरते. युरोप-अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गळाची रिळे उघडून, धुऊन, तेलपाणी करून पुन्हा नदीवर नेणारे हजारो लोक आहेत. त्यांचा हा उद्योग वरवर निरुपद्रवी छंद दिसतो. पण भांडवलशाहीने उत्पादनाच्या क्षेत्रात गेल्या पाऊण शतकात काय केले, याचा चांगला पुरावा त्यांच्या टेबलावर सुटा करून मांडलेला असतो.

ज्या रिळांविषयी हे लिहिणे आहे ती बेटकास्टिंग जातीची. त्यात दोरी फेकताना फिरकी स्वतः गरगर फिरते आणि हँडलच्या एका फेऱ्यात ती तीन-चार फेरे घेते. असे यंत्र करण्यास घड्याळजीचाच हात लागतो, आणि त्याचा इतिहासही घड्याळजींपासूनच सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावी, जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने अशी रिळे घडविली. पुढे त्याच राज्यातील फ्रँकफर्टच्या मीक बंधूंनी ती कला परिपूर्ण केली. स्वीडनमधील स्वेंग्स्ता येथील कथाही निराळी नाही. कार्ल आउगुस्ट बोर्गस्ट्रोम याने १९२१ साली तेथे घड्याळांचा कारखाना काढला. ‘आबू’ हे नाव ‘घड्याळ-कारखाना’ अशा अर्थाच्या स्वीडिश शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. पुढे तेथे टॅक्सीचे मीटर होऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाने मीटरची मागणी नाहीशी केली, तेव्हा मुलगा योते याने त्याच यंत्रांवर व त्याच कामगारांच्या कौशल्यावर रिळे काढली. १९५२ साली तेथून ‘अँबॅसॅडर ५०००’ हे लाल रंगाचे रीळ बाहेर पडले. (या नावाने आपल्याकडील वाचकास एक मोटार आठवेल. २०१४ पर्यंत तयार होणारी ती गाडीही कोणत्याही गावातील मिस्त्री उघडू शकत असे. हा योगायोग केवळ नावापुरता नाही.)

या रिळाची रचना समजून घेण्यासारखी आहे. हँडलच्या बाजूचे तीन खाचेदार स्क्रू बोटांनी सैल केले की बाजूची तबकडी निघते आणि फिरकी हातात येते. त्यासाठी हत्यार लागत नाही. फिरकीच्या एका अंगास दोन बारीक ठोकळे असतात. फिरकी वेगाने फिरू लागली की ते बाहेर सरकून कड्यावर घासतात आणि तिचा वेग आवरतात, म्हणून दोरीचा गुंता होत नाही. दोरी फिरकीवर सारखी बसावी म्हणून आडव्या नागमोडी खाचांचा एक दांडा असतो, आणि त्या खाचांत एक लहानसा खटका सरकत राहतो. झीज व्हायची ती दांड्याची नव्हे, या खटक्याची. महाग भाग वाचावा म्हणून स्वस्त भागाने झिजावे, ही योजना आखणाऱ्याने मुद्दाम केलेली आहे. चामड्याच्या पेटीत रिळासोबत एक छोटा पाना, तेलाची नळी आणि काही सुटे भाग दिले जात. प्रत्येक भागास क्रमांक असलेला आराखडाही असे. म्हणजे रीळ कधीतरी उघडावे लागणार आणि ते घेणाऱ्यानेच उघडावे, हे कारखान्याने गृहीत धरले होते.

दुरुस्तीचे काम कष्टाचे नाही, पण विवेकाचे आहे. जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते. ते रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने काढून, भाग कोरडे करावे लागतात. मग पितळी दंतचक्रावर ग्रीसचा पातळ थर, फिरकीच्या टोकांना आणि नागमोडी दांड्याला हलक्या तेलाचा एकेक थेंब. नवशिका येथेच चुकतो. त्यास वाटते, जितके अधिक तेल तितके बरे. प्रत्यक्षात जादा ग्रीसाने फिरकी जड होते आणि ठोकळ्यांच्या कड्यावर तेल गेले तर आवरच सुटतो. मासा ओढू लागला म्हणजे दोरी तुटू नये म्हणून ताण सोडणाऱ्या चकत्या असतात. त्या कडक झाल्या असतील तर बदलाव्या लागतात. हे सारे झाल्यावर फिरकीस बोटाने टिचकी मारावी. ती बराच वेळ, जवळजवळ निःशब्द फिरत राहते. ज्या कामगाराने हे भाग कातले तो बहुधा आज हयात नाही, पण त्याचे काम हयात आहे. श्रम वस्तूत साठतात, हे विधान ज्यांना पुस्तकी वाटते त्यांनी ती फिरकी पाहावी.

हे रीळ ज्या काळात आले तो काळही दुर्लक्षिण्यासारखा नाही. स्वीडनमध्ये कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा १९३८ साली मिळाली. १९५१ साली ती तीन आठवडे झाली, १९६३ साली चार, १९७८ साली पाच. कामगाराच्या हाती रजा आली, तेव्हा त्याला नदी-सरोवरांकडे जाता आले. १९८५ साली पाल्मे यांच्या सरकारने समुद्रकिनारा आणि पाच मोठी सरोवरे हातगळाच्या मासेमारीस सर्वांना विनामूल्य खुली केली. खाजगी मालकांचा विरोध होताच. टिकाऊ रीळ, पगारी रजा आणि खुले पाणी या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणूनच मासेमारी हा उमरावांचा विलास राहिला नाही.

अमेरिकेतील चित्र यापेक्षा कठोर आहे. मिशिगन राज्यातील कॅलामझू येथील शेक्सपिअर कंपनी रिळांसाठी नामांकित. १९४८ साली तिच्या कामगारांनी संप केला आणि तो वर्षअखेर हिंसक वळणावर गेला. १९७० च्या सुमारास कंपनीने आपले ठाणे दक्षिण कॅरोलायनात हलविले, जेथे संघटनांना दुबळे करणारा कायदा १९५४ पासूनच होता. स्वीडिश कारखान्याच्या नशिबीही मालकांची अदलाबदल आली. त्याचा अमेरिकेतील वितरक १९७८ साली दिवाळखोरीत गेला, आबूने त्याचे नाव घेतले, आणि नंतर ते जोडनाव एका मोठ्या समूहाकडून दुसऱ्याकडे जात २०१८ साली एका खाजगी गुंतवणूक संस्थेच्या हाती पडले. अशा हातांना कारखाना ही वस्तू घडविण्याची जागा नसते. ती विकत घेऊन पुन्हा विकण्याची मालमत्ता असते. बाजारात दरवर्षी नवे रूप, नवा रंग, नवा क्रमांक येतो, आणि कालच्या नमुन्याचे भाग आज मिळत नाहीत. १९३२ सालच्या मंदीत बर्नार्ड लंडन या न्यूयॉर्कच्या दलालाने सरकारने वस्तूंचे आयुष्य ठरवून द्यावे आणि मुदतीनंतर त्या नष्ट कराव्यात, अशी उघड सूचना केली होती. सरकारने ती मानली नाही. कंपन्यांनी मानली.

एक इशारा मात्र द्यायला हवा. जुन्या रिळांभोवती संग्राहकांचा बाजारही उभा राहिला आहे. त्यात न वापरलेल्या, मूळ पेटीतल्या रिळास सर्वाधिक किंमत. पाण्याला कधी न लागलेले रीळ हे तेथले आदर्श रीळ. उपयोगमूल्य शून्यावर आणून विनिमयमूल्य चढविण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल. ओरखडे पडलेले, हँडलची मूठ झिजलेले, पण दर हंगामात उघडून साफ होणारे रीळ हेच आदरास पात्र आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की वस्तू टिकू लागल्या तर कामगारांचे काम जाईल. आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. उत्पादन स्वस्त मजुरीच्या देशात नेता येते. दुरुस्ती सहसा गावातच होते आणि तिच्यात यंत्रापेक्षा माणूस अधिक लागतो. स्वीडनने हे ओळखून २०१७ साली सायकली, पादत्राणे व कपडे यांच्या दुरुस्तीवरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला, २०२२ साली ६ टक्क्यांवर. सरकार बदलले, आणि २०२३ च्या एप्रिलपासून तो पुन्हा २५ टक्के झाला. दुरुस्तीचे अर्थशास्त्र राजकारणाबाहेरचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एवढे पुरे.

युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. सदस्य राष्ट्रांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करावयाचा आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात याच हक्काचे संकेतस्थळ उघडले. त्यात शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व वाहने येतात. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचा वा फवारणीयंत्राचा क्रमांकित आराखडा, ठरावीक वर्षे सुट्या भागांची हमी, आणि परक्या भागास नकार देणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी, ही मागणी संसदेत समाजवाद्यांनी लावून धरली पाहिजे. जुन्या रिळांच्या ताण-चकत्या आज लहान लहान कारागीर कार्बन-तंतूच्या कापडातून कापून विकतात. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. चकतीचा व्यास मोजता येतो आणि रीळ उघडता येते.