औंढ्याची शांतता

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे नाव महाराष्ट्राला आजवर परिचित आहे ते तेथील ज्योतिर्लिंगामुळे. परंतु त्याच परिसरातील माळावर गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहावयाची असून, तिच्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली आहे. या खर्चाची चर्चा पुष्कळ झाली. जिची झाली नाही, ती गोष्ट म्हणजे तेथील शांतता.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी परस्परांत विलीन झालेल्या दोन कृष्णविवरांचे स्पंदन अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन व हॅनफर्ड येथील ‘लायगो’च्या यंत्रांना जाणवले, तेव्हा त्यांच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी होता. एवढा सूक्ष्म फरक टिपण्यासाठी चाळीस किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात. आणि इतका बंदोबस्त करूनही लिव्हिंग्स्टनच्या आसपासची लाकूडतोड व आगगाडीची धडधड निरीक्षणात विघ्न आणते. असा क्षीण स्वर कोलाहलातून निवडून काढण्याच्या गणितात पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी त्या दिवसाच्या वीसेक वर्षे आधीपासून गढलेले होते, याचा मराठी माणसाला यथार्थ अभिमान वाटावा.

२०१५ ची ती लहर लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डपेक्षा सुमारे सात मिलिसेकंद आधी पोहोचली. परंतु तेवढ्यावरून तिचा उगम आकाशाच्या एका विस्तीर्ण पट्ट्यात आहे, इतकेच सांगता आले. ऑगस्ट २०१७ मध्ये इटलीतील ‘व्हर्गो’ वेधशाळेची जोड मिळाली, तेव्हा दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची जागा इतकी आटोपशीर ठरली की दुर्बिणींना त्याचा प्रकाशही सापडला. या सर्वांपासून हजारो मैल दूर असलेले औंढ्याचे यंत्र सुरू झाले म्हणजे दिशानिश्चिती कितीतरी अचूक होईल, आणि म्हणूनच त्याची गरज साऱ्या जगाला आहे.

पण शांततेवाचून ही अचूकता साधणार नाही. यास्तव जिल्हाधिकाऱ्यांना व आसपासच्या ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे की, दगडखाणी, खडी फोडण्याची यंत्रे आणि अवजड वाहतूक यांविषयीचे निर्बंध, गावकऱ्यांच्या उपजीविकेचा विचार करून, वेधशाळेच्या भिंती उभ्या राहण्यापूर्वीच दफ्तरी नोंदवावेत.