डी ड्राइव्हमधले आजोबा

"तुझ्याकडे बाबांचं ते लिहिलेलं असेल ना गं?"

गुरुवारी रात्री साडेनऊला फोन आला. एका हातात मॅगीचा बाऊल, दुसऱ्या हातात माउस, समोर शुक्रवारच्या डेडलाइनचा अर्धवट लेख... फ्रीलान्सर मंडळींची ती सुप्रसिद्ध पोझ! फोनवर लालबागच्या ताई होत्या. त्यांचे वडील, म्हणजे माझे 'गिरणीवाले आजोबा', गेल्या आठवड्यात गेले. रविवारी तेरावं. चाळीतली जुनी माणसं जमणार होती. आजोबांचेच शब्द कुणीतरी वाचून दाखवावेत, असं ताईंच्या मनात होतं.

2017 मध्ये, मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला असताना, मी दोन दुपारी त्यांच्या खोलीत बसून त्यांची मुलाखत घेतली होती. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख कामगार, हे सगळं पुस्तकात मिळतं. आजोबा बोलायचे ते पुस्तकात नव्हतं. रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये होतं, तो दुसऱ्याच वर्षी दादर स्टेशनवर कुणीतरी मारला. उरलं होतं ते फक्त मी टाइप केलेलं.

"आहे ना ताई. आत्ता पाठवते," मी म्हटलं.

आत्ता!

स्टार्टवर क्लिक करून 'गिरणी' टाइप केलं. मला घरगुती पिठाच्या गिरण्या दिसल्या, ऑफरसकट. कारण ती खिडकी कॉम्प्युटरबरोबर इंटरनेटवरही शोधते. मग शहाणपणाने फोल्डर उघडून कोपऱ्यातल्या चौकटीत तोच शब्द टाकला. उत्तर आलं, 'नो आयटम्स मॅच युवर सर्च.' लालबाग? नाही. संप? नाही. साचा? नाही.

पोटात गोळा येणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. आपण डिलीट तर नाही ना केलं?

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती मला स्वतःला इतकी वर्षं माहीत नव्हती. आपल्याला वाटतं, शोध म्हटल्यावर कॉम्प्युटर बिचारा घरभर धावत सुटतो, एकेक फाइल उघडून बघतो. छे! सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. "इथे अमुक अमुक राहतात का?" असं विचारल्यावर तो काही प्रत्येक मजल्यावर जाऊन बेल वाजवत नाही. रजिस्टर उघडतो, बोट फिरवतो आणि "ऐसा कोई नहीं रहता" म्हणतो. कॉम्प्युटरकडेही असंच एक रजिस्टर असतं, त्याला इंडेक्स म्हणतात. तो रिकाम्या वेळात फायली वाचून त्यातले शब्द या रजिस्टरमध्ये उतरवून ठेवतो आणि आपण विचारलं की तिथेच बघतो. म्हणून तर उत्तर क्षणात येतं. आणि म्हणूनच ते चुकतंही.

आता माझ्या वॉचमनच्या रजिस्टरमध्ये कोण होतं? सेटिंग्जमध्ये 'सर्चिंग विंडोज' नावाचं पान आहे. तिथे 'क्लासिक' आणि 'एनहान्स्ड' असे दोन पर्याय दिसतात (हा दुसरा 2019 मध्ये आला). माझं अर्थातच क्लासिकवर होतं. म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप, संपलं रजिस्टर. माझं सगळं जुनं आयुष्य मात्र डी ड्राइव्हमध्ये, 'जुना पीसी' नावाच्या फोल्डरात. सी विंगची पक्की नोंद आणि डी विंगचा पत्ताच नाही! रजिस्टरबाहेरच्या फोल्डरात विंडोज शोधतं, पण सहसा फायलींची नावं बघून परत येतं, आतला मजकूर वाचत नाही. तो वाचायला हवा असेल, तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'सर्च' या टॅबवर जाऊन तशी खूण करावी लागते.

मी डी ड्राइव्ह यादीत टाकला. मोजणी सुरू झाली. तेवढ्यात खाली एक ओळ झळकली. तुम्ही काम करत असल्यामुळे इंडेक्सिंगचा वेग कमी केला आहे, अशा अर्थाची. म्हणजे माझ्यामुळेच याला काम होत नाही! आमच्याकडे आईसुद्धा लादी पुसताना हेच म्हणते. मी गुपचूप पीसी चालू ठेवून झोपायला गेले.

सकाळी 'इंडेक्सिंग कम्प्लीट'. 'गिरणी' टाकलं. दोन फायली आल्या, दोन्ही अलीकडच्या, दोन्हींत आजोबा नाहीत.

शुक्रवारची दुपार मी वाया घालवली, हे कबूल करते. कुणीही सांगतात तसं 'रीबिल्ड' बटण दाबलं, म्हणजे अख्खं रजिस्टर फाडून पुन्हा लिहायला घेतलं. तास गेले, निकाल तोच. मग 'एव्हरीथिंग' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. ते डिस्कवरची मूळ यादीच वाचतं, त्यामुळे फाइलचं नाव माहीत असेल तर टाइप करेपर्यंत फाइल हजर. पण नाव! माझ्या फायलींची नावं 'न्यू', 'न्यू 2', 'फायनल', 'फायनल फायनल' आणि एक तर चक्क 'हीच घ्या'. ही नावं ठेवणारी मुलगी कोण होती, तिला भेटायचंय मला.

एक शहाणपणाची गोष्ट मात्र केली. जी फाइल नक्की कुठे आहे हे माहीत होतं, तिच्यातला एक चमत्कारिक शब्द शोधून बघितला. ती फाइल लगेच आली, तीही डी ड्राइव्हमधूनच. म्हणजे रजिस्टर ठीक होतं. वॉचमन खोटं बोलत नव्हता. तुमचा शोध गंडला तर रीबिल्डच्या नादी लागण्याआधी ही परीक्षा घ्या, माझ्यासारखी नंतर नको.

शनिवारी सकाळी गिरगावातल्या डीटीपीवाल्या काकांना फोन केला. कॉलेजात असताना मी ज्या छोट्या साप्ताहिकात इंटर्न होते, त्याची पानं तेच लावायचे.

"अगं, टाइप कशात केलं होतंस?"

"वर्डमध्ये."

"ते कळलं. फॉन्ट कुठला?"

मी गप्प. मग आठवलं. तिथे सगळं कृतीदेवमध्ये चालायचं. मीही तोच की-बोर्ड शिकले होते आणि घरीही त्यातच बडवायचे.

"मग कसं सापडेल बाई? तुला दिसतंय मराठी. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच आहे!"

गंमत बघा. युनिकोडमध्ये 'ल' ला स्वतःचा क्रमांक आहे, देवनागरी त्यात 1991 पासून आहे. पण कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाइलमध्ये साठवली जातात इंग्रजी अक्षरं, फक्त त्यांना कपडे देवनागरीचे घातलेले असतात. 'वाय' दाबा, पडद्यावर 'ल' दिसतो. आत मात्र 'वाय'च. रजिस्टरमध्ये नोंद कपड्यांची होत नाही, माणसाची होते. म्हणजे मी दोन दिवस ज्या नावाने हाका मारत होते, ते नाव त्या फाइलमध्ये कधी नव्हतंच.

"लालबाग शोधतेस ना? घे लिहून," काका म्हणाले आणि कागद न बघता सांगू लागले, "वाय. के. वाय. सी. के. एक्स."

मधोमध केवायसी! लालबागच्या पोटात केवायसी दडलंय, हे बँकेतल्या कुणाला सांगू नका.

मी ती सहा अक्षरं टाकली. एंटर. एक फाइल. एकच. 'न्यू 2', मार्च 2017.

उघडली तर सगळं गिचमिड, कारण या पीसीवर तो फॉन्टच नव्हता. तो टाकल्याबरोबर पडद्यावर आजोबा बोलायला लागले. मग कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्यात काही जोडाक्षरं फुटली, काही रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. ते एकेक नीट करायला रात्रीचा एक वाजला. पण त्या निमित्ताने आठ वर्षांहून जास्त काळानंतर मी ते शब्दन् शब्द वाचलं. साचेखात्यात इतका आवाज असायचा की माणसं ओठ बघून बोलायची. आणि संपात गिरणी बंद झाल्यावर पहिले काही दिवस त्यांना घरात झोप येईना, "कान दुखायचे गं, इतकं शांत." हे वाक्य मी पार विसरले होते.

ऑफिसवाल्यांसाठी घाईघाईत दोन गोष्टी. नेटवर्कवरच्या सामायिक ड्राइव्हची नोंद तुमच्या पीसीच्या रजिस्टरमध्ये सहसा नसते. आणि ज्या फाइलवर ढगाचं चित्र दिसतं ती तुमच्याकडे उतरलेलीच नसते, तिचं नाव सापडेल, आतला मजकूर नाही. बॉसपुढे "सर, फाइलच नाहीये" म्हणण्याआधी एवढं बघा.

काकांची युक्ती मी 'संप' वर पण वापरून बघितली. एल-ए-आय. या तीन अक्षरांनी सुरू होणारे इतके इंग्रजी शब्द निघाले की पुन्हा नाद केला नाही.

रविवारी दुपारी ताईंचा फोन आला. मागे माणसांचा गलका होता. "तू 'साचा'च लिहिलंयस गं, 'यंत्रमाग' केलं नाहीस. बाबा असंच म्हणायचे." मग थोडं थांबून विचारलं, "पण तू दोन दुपारी आली होतीस ना? यात एकाच दिवसाचं आहे."

हो. दुसऱ्या दुपारचं मी टाइपच केलं नव्हतं बहुतेक. वहीत लिहिलं होतं, आणि वही रद्दीत जाण्याआधी पानांचे फोटो काढल्याचं अंधूक आठवतंय. माझं तेव्हाचं अक्षर फोटोतून वाचणारा वॉचमन काही माझ्या पीसीकडे नाही. त्यामुळे रोज रात्री जेवण झालं की मी 2017 चे फोटो एकेक करून उघडते. कालपर्यंत एप्रिल संपला.